व्याहीबुवांना शहर दाखवताना

रविवार, ४ ऑगस्ट

उद्या व्याही येणार. पोरीचं, हारुमीचं लग्न नोव्हेंबरात आहे, पण सुमिए म्हणते आतापासूनच व्याही म्हणायची सवय लाव, नाहीतर तू त्याच्या तोंडावर त्याला 'तो रिओवाला' म्हणशील. बायको मला चांगलीच ओळखते. पण रिओवाल्याला रिओवाला नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?

हारुमीला मी काही बोललो नाही, पण मी काही डोळे मिटून बसलेलो नाही. गेले काही महिने ती सुट्टी मिळाली की रिओला पळते. परवा पिझ्झेरियात येऊन विचारत होती, "पापा, रिकामे खोके आहेत का? मोठे?" कशाला विचारलं तर "असंच." असंच कोणी खोके मागतं? तो होणारा जावई, जोनास, माझ्या एकुलत्या एका पोरीला समुद्राकाठी घेऊन जाणार, हे उघड दिसतंय. पुढच्या रविवारी फादर्स डेच्या जेवणाला दोघं मिळून 'काहीतरी सांगणार' आहेत. तो बापही त्यासाठीच येतोय.

म्हणजे माझ्या हातात एक आठवडा आहे. माझा बेत असा, की व्याह्याला साओ पाउलो दाखवायचं. असं दाखवायचं की तोच मुलाला म्हणेल, अरे, हे सोडून पोरीला इथे कशाला आणतोस, तूच जा तिकडे! जोनासचा बाप, सेऊ बीरा, विधुर आहे, न्हावी आहे, आणि मुलगा त्याच्या शब्दाबाहेर नाही असं हारुमीच सांगते. मग झालं तर. या शहरापुढे भले भले विरघळलेत.

सोमवार, ५ ऑगस्ट

आला. बस स्टँडवर उतरला तो पायात चपला घालून. ऑगस्टात! उंच, सावळा, मिशा कोरलेल्या, हातात एकच बॅग. आभाळाकडे बघून पहिलं वाक्य काय म्हणाला असेल?

"काय हो व्याहीबुवा, तुमच्याकडे सूर्य लावायला विसरले का?"

"सूर्य आहे की," मी म्हटलं, "कामाला गेलाय. इथे सगळेच कामाला जातात."

हसला. बरा हसतो, पण मी भाळलो नाही.

संध्याकाळी त्याला पिझ्झेरियात नेलं. ही भट्टी माझ्या आजोबांनी स्वतः विटा रचून बांधली. आमच्या अख्ख्या बिशिगा वस्तीत इतकी जुनी भट्टी दुसरी दाखवा. मी स्वतःच्या हाताने पिझ्झा भाजून त्याच्यासमोर ठेवला. त्याने वास घेतला, मान डोलावली, आणि माझा पुतण्या रेंझो वाढत होता त्याला म्हणाला, "बाळा, केचप आण."

सगळं पिझ्झेरिया गप्प झालं. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या म्हातारीने काटा खाली ठेवला. रेंझोने माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीकडे बोट केलं. तिथे माझ्या वडिलांनी रंगाऱ्याकडून लिहून घेतलंय: इथे केचप मिळत नाही. मागू नये.

"अहो, आमच्याकडे केचपशिवाय पिझ्झा घशाखाली उतरत नाही," तो म्हणाला.

"तुमच्याकडे पिझ्झाच मिळत नाही. भाकरीवर चीज टाकून देतात तुम्हाला."

"आणि तुम्ही समुद्र नाही म्हणून रांगेत उभं राहण्याला सहल म्हणता."

टेबलाटेबलांवरून हशा उठला. तो तसाच खात राहिला, कोरडा, पण शेवटच्या कडेपर्यंत सगळा खाल्ला. कड कोणी आवडल्याशिवाय खात नाही. पहिला हात माझा.

बुधवार, ७ ऑगस्ट

आज मोठा बाजार. रंगीत काचा, छताला भिडलेल्या फळांच्या राशी, आणि ते मोर्तादेलाच्या, मांसाच्या चकत्यांच्या थराचं सँडविच, जे दोन्ही हातांनी धरलं तरी बाजूने सुटतं. खातखात म्हणाला, "हे माणसाने खायचं की सर्कशीत सिंहाने?" पण खाल्लं. फळवाला त्याला चाखायला फोडी देत होता आणि हा त्याला विचारतोय, ताजी मासळी कुठे मिळते, कुठल्या दिवशी येते, एकट्या माणसापुरती देतात का. समुद्राकाठचा माणूस आमच्या मासळीत खोट काढायला निघालेला! मी सांगितलं, साओ पाउलोत जी मासळी मिळते ती समुद्रालासुद्धा मिळत नाही.

मग जुन्या उंच बँकेच्या इमारतीवर नेलं. वरून बघितलं की नजर जाईल तिथपर्यंत घरं, घरं आणि घरं. मी हात पसरून म्हटलं, "बघा! शेवट दिसतो का?" तो बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला.

"इथे एखादा माणूस आजारी पडला, तर कोणाला कळतं का हो?" त्याने विचारलं.

"आजारी पडायला वेळ कोणाला आहे?" मी म्हटलं. चोख उत्तर! व्याही गार पडला.

एक गोष्ट मात्र विचित्र आहे. काल त्याने आमच्या गल्लीच्या टोकाला दाढी करवून घेतली. आज बाजारातून येताना पुन्हा एका न्हाव्याकडे घुसला. दाढी कालचीच होती, गुळगुळीत. स्वतः न्हावी, आणि पैसे देऊन दुसऱ्याच्या हातून दाढ्या करतोय. रिओवाले नटवे असतात हे ऐकून होतो, पण इतके?

गुरुवार, ८ ऑगस्ट

लिबेरदाजीत, जपानी वस्तीत नेलं. सुमिएही आली होती. लाल कंदिलांखालून चालताना मी त्याला सगळी वंशावळ सांगितली. माझे आजोबा कालाब्रियाहून दोन पैसे कमवून परत जायचं म्हणून आले. सुमिएचे आजोबा जपानहून कॉफीच्या मळ्यात आले, तेही थोड्या दिवसांसाठीच. समोरचा दुकानदार कोरियाचा, त्याच्या दुकानात शिवणारी बाई बोलिव्हियाची, आमचा समोशासारखा एस्फिहा करणारा लेबननचा, आणि माझ्या पिझ्झेरियात पीठ मळणारा बाहियाचा. सगळे थोड्या दिवसांसाठीच आलेले.

"आणि एकही परत गेला नाही," मी म्हटलं. छाती अशी भरून आली होती! "हे शहर असंच आहे, व्याहीबुवा. एकदा आलेला माणूस इथून परत जात नाही."

तो वाटीतल्या नूडल्स ढवळत होता. म्हणाला, "आणि तुमच्या आजोबांची आई? तिकडे मागे राहिलेली?"

"तिचं काय?"

"काही नाही. तिचं नाव काय होतं?"

मला माहीत नाही. घरात कोणी कधी बोललंच नाही. काय पण प्रश्न! एवढं शहर समोर उभं आहे आणि याला माझी पणजी आठवते. सुमिएने टेबलाखालून माझा पाय दाबला. घरी आल्यावर म्हणाली, "एजिदियो, तू त्या माणसाला कमी दाखव आणि जरा जास्त ऐक."

"अगं, पोरगी जाईल!"

ती भांडी आवरायला लागली. तिच्या मनात काहीतरी आहे, पण ती जपानी गप्प बसली की देवालाही बोलती करता येणार नाही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

पार्कात गेलो होतो. त्याने फेरीवाल्याकडून लोकरीची टोपी घेतली. घरी फोनवर बोलताना ऐकलं, मुलाशीच बोलत होता: "थंडी आहे रे, पण ओली नाही... हो, झाडं आहेत, भरपूर... टोपी घेतलीय... नाही, तो चांगला माणूस आहे, नुसता ओरडतो."

झाडं आहेत म्हणाला! बेत लागू पडतोय. ओरडतो म्हणाला ते मी मनावर घेत नाही.

शनिवार, १० ऑगस्ट

सकाळी केस कापायला लोरिवालकडे गेलो. लोरिवाल पेर्नाम्बुकोचा, बिशिगात म्हातारा झाला, माझ्या डोक्यावर होते तेव्हापासून माझे केस कापतो. कात्री थांबवून म्हणाला, "तुमचा व्याही भारी माणूस आहे हो. काल संध्याकाळी आला. दाढी केली, मग म्हणाला, आता तुमची कात्री दाखवा. वस्तरा दाखवा. हात थरथरतो का बघितलं माझा! मग कुणा पोराच्या डोक्याबद्दल शिकवत बसला."

"कुठल्या पोराच्या?"

"नाव नाही सांगितलं. मागे दोन भोवरे आहेत म्हणे, शेजारी शेजारी. त्यांच्या उलट कात्री चालवली तर केस उभे राहतात. मान धुताना पाणी कोमट हवं, नाहीतर खांदे आखडतो. मी म्हटलं, अहो, एवढं कोणाचं माहीत असतं?"

बघा आता. सुट्टीवर आला तरी दुकान बंद करवत नाही. परक्या शहरात जाऊन म्हाताऱ्या न्हाव्याला न्हाव्याचं काम शिकवायचं, याला काय म्हणायचं? तरी लोरिवाल खूश होता. त्या शहाण्या व्याह्याने जाताना त्याचा हात हातात घेतला म्हणे.

संध्याकाळी अकिरोपिता मातेची जत्रा. ऑगस्टातला आमचा सण! रस्ते बंद, दिव्यांच्या माळा, आणि चर्चच्या बायका ओळीने उभ्या राहून चीज भरलेला फोगाझ्झा तळत होत्या. त्यात माझी चुलत बहीण मूळ कालाब्रियाची, तिच्याशेजारी दोना एउनिसे बाहियाची, तिच्याशेजारी सुमिए, तिघींच्या डोक्याला एकसारखे पांढरे रुमाल. हे रिओत दाखवा मला! व्याही रांगेत उभा होता. दोना एउनिसेने त्याला वरून खालपर्यंत बघितलं आणि ओरडली, "पोरा, चपला घालून आलास होय रे इथे? आजारी पडशील! हे घे गरम, आणि हे दुसरं पण घे, पैसे नकोत."

साठीच्या माणसाला पोरा! तो दोन्ही हातांत फोगाझ्झा धरून उभाच राहिला.

"इथे लोक बोलतात तर एकमेकांशी," तो म्हणाला.

"नाहीतर काय, चावतात?"

डोळे पुसत होता. तेलाचा धूर फार होता आज. मग बँड सुरू झाला, आणि हा चपला काढून अनवाणी नाचला माझ्या बहिणीबरोबर. मी तर म्हणतो, विरघळला. उद्या काय ते कळेल. झोप लागेलसं वाटत नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

सगळं नीट क्रमाने लिहायला हवं, कारण माझं मलाच अजून कळत नाहीये.

जोनास सकाळी रिओहून आला. आमच्या घरी सणाला लाझान्या आणि सुशी एकाच टेबलावर असतात, तशी आजही होती. मला काहीच गेलं नाही. कॉफी झाली आणि हारुमी उभी राहिली.

"पापा, आम्ही इथेच राहणार आहोत. साओ पाउलोत. जोनासला इथल्या नाट्यगृहात ध्वनी सांभाळायचं काम मिळालंय, परवा सही झाली. इथल्याच तातुआपेत घर बघून ठेवलंय."

"आणि खोके?"

"जोनासचं सामान आणायला."

मी काय केलं ते लिहायला लाज वाटत नाही. खिडकी उघडून रस्त्यावर ओरडलो. समोरच्या गॅलरीतून शेजारी ओरडला, "काय झालं, गोल झाला का?" मी म्हटलं, "माझी पोरगी कुठेही जात नाहीये!" रस्त्यावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली, ओळखीची, बिनओळखीची. मग मी जोनासला मिठी मारली, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर दाबलं आणि व्याह्याकडे बघून गरजलो, "मी म्हणत होतो ना? इथून कोणी परत जात नाही!"

व्याही टाळ्या वाजवत होता. हसतही होता. पण त्याची नजर माझ्यावर नव्हती, जोनासच्या डोक्याच्या मागच्या बाजूला होती. म्हणून मीही खाली बघितलं. बारीक कापलेल्या केसांत दोन भोवरे होते, शेजारी शेजारी.

मी मिठी सोडली. भांडी उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. सुमिए मागोमाग आली.

"त्याला कधीपासून माहीत आहे?"

"महिनाभर झाला."

"आणि तुला?"

"मलाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू पिझ्झेरियावर बॅनर लावला असतास, एजिदियो. आणि तो माणूस त्या बॅनरखालून आत आला असता." ती बशी पुसत होती. "तो शहर बघायला आलाच नव्हता. पोराला कुठे सोडून जायचं ते बघायला आला होता. जोनासचे केस आजवर दुसऱ्या कोणी कापलेले नाहीत, माहीत आहे तुला?"

मी भांडी ओट्यावर ठेवली. बाजारातली मासळी, तो उंच कठडा, लोकरीची टोपी. आजारी पडायला वेळ कोणाला आहे म्हणालो होतो मी. आणि माझी पणजी. तिने किती रविवार एकटीने जेवण केलं असेल, आणि आम्ही तिचं नावसुद्धा ठेवलं नाही. आठवडाभर मी ज्या गोष्टीला घाबरत होतो, ती त्या माणसाच्या घरी होऊन गेली होती. आणि मी रोज त्याला ती फुशारकीने सांगत होतो.

संध्याकाळी, पिझ्झ्याच्या वेळेआधी, मी कोपऱ्यावरच्या नादियाच्या दुकानात गेलो. हळूच मागितलं.

"काय?" नादिया म्हणाली. "मोठ्याने बोला."

"केचप."

तिने माझ्या कपाळाला हात लावला. "सेऊ एजिदियो, तब्येत बरी आहे ना?"

बाटली कोटाच्या आत घालून आणली. रविवारची गर्दी होती. जोनास आणि हारुमी तातुआपेचं घर पुन्हा बघायला गेले होते, व्याही एकटाच भिंतीजवळ बसला होता, बरोबर त्या पाटीखाली. मी पिझ्झा ठेवला आणि शेजारी बाटली ठेवली. रेंझोच्या हातातून चमचे पडले. आज कोणाला हसू आलं नाही.

सेऊ बीराने बाटली बघितली, वर पाटी बघितली, मग मला बघितलं.

"व्याहीबुवा, तुमच्या वडिलांचा आत्मा काय म्हणेल?"

"त्यांना मी बघून घेतो. तुम्ही खा."

तो खाऊ लागला. काय तो लाल चिखल! मी समोर बसलो. त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. शेवटी म्हटलं, "मला आधी सांगितलं असतंत, तर मी असा वागलो नसतो."

"म्हणूनच नको म्हटलं मी पोरांना," तो म्हणाला. "तुम्ही मला जपलं असतंत. दयेने माझं पोट बिघडतं. तुम्ही भांडलात ते बरं झालं, आठवडा सरला." मग तोंड पुसून म्हणाला, "शहर चांगलं आहे हो. मोठं आहे फार. पण ती म्हातारी मला पोरा म्हणाली ना काल, तेव्हा जरा बरं वाटलं."

"जोनास दर रविवारी या टेबलावर जेवेल," मी म्हटलं. "आजारी पडला तर मला आधी कळेल, त्याला नंतर."

त्याने मान हलवली. मग एक तुकडा कापला, त्यावर केचप ओतलं आणि माझ्या ताटात ठेवला. सगळं पिझ्झेरिया बघत होतं. मी खाल्ला. शेवटच्या कडेपर्यंत.

चव कशी होती ते मी इथेही लिहिणार नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

व्याह्याला बसवर सोडून आलो. प्रवासासाठी पिझ्झा बांधून दिला. "केचप?" म्हणाला. मी म्हटलं, व्याहीबुवा, हद्द असते. बाटलीवर त्याचं नाव लिहून पिझ्झेरियाच्या फ्रिजमध्ये ठेवली आहे, आणि रेंझोला सांगितलंय की तिला हात लावणाऱ्याची नोकरी गेली.

बसच्या दारात उभा राहून म्हणाला, "पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं या. रविवारी. दोन दिवस आधी कळवलंत तर सूर्य लावून ठेवतो."

रिओत पाऊल टाकणार नाही असं मी आयुष्यभर सांगत आलोय. येतो म्हणालो.

शनिवार, ३१ ऑगस्ट

जोनास राहायला आला आणि थिएटरात लागलाही. आज त्याला लोरिवालकडे नेलं. तो म्हणत होता मी एकटा जातो, लहान आहे का मी? मी म्हटलं, गप्प चल.

खुर्चीमागे उभा राहिलो. पाणी बोटाने बघितलं, कोमट होतं. लोरिवालने कात्री उचलली तसं म्हटलं, "भोवऱ्यांच्या उलट नको."

"माहीत आहे हो मला! तुमच्या व्याह्याने पाठ करून घेतलंय."

"तरी हळू."

जोनास आरशात बघत होता. पहिली बट खाली पडली तेव्हा त्याने डोळे मिटले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

झाल्यावर मी फोनवर फोटो काढला. तोंडाचा नाही, मागचा. भोवरे नीट दिसतील असा. व्याह्याला पाठवला आणि तिथेच बसून राहिलो. लोरिवालही गिऱ्हाईक सोडून माझ्या फोनकडे बघत होता. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं.

"डावीकडे जरा जास्त घेतलंत. पण चालेल."

लोरिवालने दोन्ही हात वर केले. मी ते वाक्य त्याला पुन्हा वाचून दाखवलं, मग जोनासला, मग घरी येऊन सुमिएला. चालेल म्हणाला! साओ पाउलोतल्या एका गोष्टीला तो रिओवाला चालेल म्हणाला.